वाचक विचारतात : सगळ्यांत मोठा सेंटर कोण?

प्रश्न : आमच्या कॉलनीतल्या बास्केटबॉल कोर्टावर संध्याकाळी खेळ कमी आणि वाद जास्त होतो. एक निवृत्त काका म्हणतात, एका सामन्यात शंभर गुण करणाऱ्या विल्ट चेंबरलेनच्या वर कुणी नाही. आमचे कोच शकील ओनीलचे भक्त. माझा भाचा निकोला योकिचशिवाय दुसरं नाव ऐकून घेत नाही. मी स्वतः करीम अब्दुल-जब्बारच्या बाजूचा. पण मला तो ब्रूस लीच्या सिनेमामुळे आवडतो, हेही खरं. वेगवेगळ्या काळातल्या सेंटरची अशी तुलना खरंच करता येते का? आणि येत असेल, तर पहिला कोण?
– एक वाचक, बल्लारपूर

उत्तर : निकाल आधी सांगून टाकतो. करीम. तुमचं उत्तर बरोबर आहे, कारण तेवढं बदलून घ्या. 'गेम ऑफ डेथ'मधली मारामारी बघण्यासारखी आहेच, पण ती आपण सिनेमाच्या सदराकडे सोपवू.

तुलना करता येते का, याचं उत्तर आपल्याकडे मोहर्ली गेटवर मिळतं. जिप्सी आत सोडायची वेळ होईपर्यंत चालक आणि गाईड यांच्यात ताडोबाच्या वाघांची क्रमवारी लावणं चालू असतं. वाघडोह मोठा की मटकासूर? एक जण अंगानं मोजतो. दुसरा इलाख्यानं मोजतो, म्हणजे किती वर्षं दुसऱ्या नराला पाय ठेवू दिला नाही. तिसरा पिल्लांवरून ठरवतो, आणि मग कुणीतरी पांढरपौनीच्या माया वाघिणीचं नाव काढतो नि सगळी यादीच उलटीपालटी होते. मापं तीन, म्हणून भांडण मिटत नाही. तुमच्या कोर्टावरही तेच चाललंय. काका गुण मोजतात, कोच ताकद मोजतात, भाचा कसब मोजतो. तिघंही खोटं बोलत नाहीत.

माझं माप वेगळं आहे. सेंटर हा बास्केटबॉलमधला सगळ्यांत सोपा दिसणारा माणूस. उंच आहे, रिंगखाली उभा आहे, चेंडू आला की टाकतो. म्हणूनच त्याला अडवायची तयारीही सगळ्यांत आधी होते. दोघं-तिघं अंगावर घातले जातात, फाउल केले जातात, आणि तेवढ्यानंही भागलं नाही तर नियम बदलले जातात. ही सगळी तयारी झाल्यानंतर गडी काय करतो, ते मी बघतो.

नियम बदलण्याची गोष्ट अतिशयोक्तीची वाटेल, म्हणून थोडी तपशिलात सांगतो. जॉर्ज मायकन हा पहिला मोठा सेंटर, सहा फूट दहा इंच, जाड भिंगाचा चष्मा लावून खेळायचा. कॉलेजात असताना तो आणि ओक्लाहोमाचा बॉब कर्लंड रिंगमध्ये पडत असलेला चेंडू वरच्या वर उडवून लावायचे. १९४४ साली कॉलेज बास्केटबॉलनं त्यावर बंदी घातली. पुढं मायकन व्यावसायिक लीगमध्ये मिनियापोलिस लेकर्सकडून खेळला आणि रिंगखाली ठाण मांडून बसला. रिंगसमोरच्या ज्या पट्ट्यात हल्ला करणाऱ्याला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, तो तेव्हा सहा फूट रुंद होता. १९५१ मध्ये तो बारा फुटांचा केला. त्याच्या आदल्या वर्षी, २२ नोव्हेंबर १९५० ला, फोर्ट वेन पिस्टन्सनं मायकनच्या हाती चेंडू लागूच नये म्हणून सामनाभर चेंडू नुसता धरून ठेवला. निकाल १९-१८. लेकर्सच्या अठरापैकी पंधरा गुण मायकनचे! प्रेक्षक वैतागले, आणि पुढं १९५४ मध्ये चोवीस सेकंदांत शॉट घेण्याचा नियम आला, त्यामागं असले कंटाळवाणे सामने होते. आज तुमच्या कोर्टावरची पोरं 'चोवीस सेकंद झाले' म्हणून ओरडतात, त्यात मायकनचा असा वाटा आहे.

चेंबरलेन आल्यावर तोच पट्टा १९६४ मध्ये सोळा फुटांचा झाला. करीम कॉलेजात होता, तेव्हा त्याचं नाव ल्यू अल्सिंडर होतं. त्याच्या पहिल्याच मोसमानंतर १९६७ मध्ये अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलनं चक्क डंक करण्यावर बंदी आणली आणि ती १९७६ पर्यंत उठवली नाही. आणि २००१ मध्ये एनबीएनं (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) झोन डिफेन्सला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, परवानगी दिली. त्यामागं एकटा शॅक, म्हणजे शकील ओनील, नव्हता, पण चेंडू मिळण्याआधीच दुसरा माणूस शॅकजवळ उभा करता येऊ लागला, हे त्यानंतरच.

या यादीत एक नाव नाही. बिल रसेल. एनबीएत त्याच्यासाठी असा एकही नियम बदलला गेला नाही, आणि जिंकला मात्र तोच सगळ्यांत जास्त : तेरा मोसमांत अकरा विजेतेपदं. त्याच्याकडे वळण्याआधी काकांचा हिशेब पुरा करू.

काकांचा आकडा खरा आहे. २ मार्च १९६२, पेनसिल्व्हेनियातलं हर्शी, चॉकलेटच्या कारखान्याचं गाव. तेव्हा आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचं नाव चांदा होतं आणि गडचिरोली ही त्यातली एक तहसील. चेंबरलेनचा फिलाडेल्फिया वॉरियर्स विरुद्ध न्यूयॉर्क निक्स या सामन्याला ४,१२४ प्रेक्षक होते. टीव्हीचं चित्रण नाही. शेवटच्या भागाचं रेडिओवरचं समालोचन तेवढं उरलं आहे. चेंबरलेननं ६३ शॉटपैकी ३६ टाकले आणि ३२ फ्री थ्रोपैकी २८. फ्री थ्रोचा आकडा लक्षात ठेवा, कारण एरवी हा माणूस फ्री थ्रोला निम्मेच टाकणारा! त्या मोसमात तो चेंडू दोन्ही हातांत धरून गुडघ्यांमधून खालून वर फेकायचा, आणि त्याची फ्री थ्रोची सगळ्यांत चांगली टक्केवारी त्याच वर्षीची आहे. पुढं त्यानं ही पद्धत सोडली. कारण? बायकी दिसतं म्हणून. आत्मचरित्रात त्यानं स्वतःच तसं लिहून ठेवलंय. माझ्या मापात चेंबरलेन इथं घसरतो. गुण मिळत असताना लोक काय म्हणतील म्हणून रस्ता सोडणाऱ्याला मी पहिला नंबर देणार नाही.

पण त्याला कमी लेखायचंही नाही. १९६१-६२ च्या मोसमात त्याची सरासरी सामन्याला ५०.४ गुणांची आणि मैदानावरचा वेळ ४८.५ मिनिटांचा. सामना असतो अठ्ठेचाळीस मिनिटांचा. जादा वेळेत गेलेले सामने धरून हा आकडा येतो, म्हणजे गडी बाहेर बसलाच नाही म्हणा. कारकिर्दीत तो एकदाही फाउलमुळे बाहेर गेला नाही. एका सामन्यात ५५ रिबाउंड, तेही समोर रसेल असताना. तेव्हा संघ नऊच होते, खेळ पळापळीचा होता, शॉट भरपूर घेतले आणि भरपूर चुकवले जायचे, त्यामुळे रिबाउंडही भरपूर पडायचे, हे सगळं वजा केलं तरी उरतो तो आकडा राक्षसीच आहे.

आता काकांना एक प्रश्न विचारा. पन्नास गुणांची सरासरी काढली त्या वर्षी मोसमातला सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला? रसेल. आणि हे ठरवणारे पत्रकार नव्हते. तेव्हा मतदान खेळाडूच करायचे. ज्यांच्या डोक्यावरून चेंबरलेन दर दोन दिवसांनी चेंडू टाकत होता, त्यांनीच रसेलला मत दिलं. प्लेऑफच्या मालिकांत दोघं आठ वेळा समोरासमोर आले आणि सात वेळा रसेलचा बोस्टन सेल्टिक्स जिंकला.

रसेलबद्दल आज बोलायचं तर मोठी अडचण येते, कारण त्याचं काम वहीत लिहिलेलंच नाही. एनबीएत ब्लॉकची नोंद १९७३-७४ पासून सुरू झाली. रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला होता. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, त्याच्या शेवटच्या वर्षी, आणि तो गेला हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टला. अकरा विजेतेपदं मिळवणाऱ्याच्या नावावर हा पुरस्कार एकही नाही. २००९ पासून पुरस्कारालाच त्याचं नाव दिलं आहे. त्याची खुबी अशी, की बहुतेक उंच पोरं ब्लॉक करताना चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावतात. टाळ्या पडतात, चेंडू मात्र परत समोरच्यांनाच मिळतो. रसेल चेंडू हलकेच वर टोलवायचा आणि तो आपल्याच माणसाच्या हाती पडेल असं बघायचा. तिथून सेल्टिक्सचा हल्ला सुरू. सातव्या, निर्णायक सामन्यात तो दहा वेळा उतरला आणि दहाही वेळा जिंकला. शेवटची दोन विजेतेपदं तर खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी. एनबीएतला तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक.

मग रसेल पहिला का नाही? हा निर्णय मला जड गेला, लपवत नाही. त्याच्याजवळ बॉब कूझी, सॅम जोन्स, जॉन हॅवलिचेक होते, बाकावर प्रशिक्षक रेड ऑरबाख बसलेले होते. गुण करण्याचं ओझं रसेलवर क्वचितच आलं. कारकिर्दीची सरासरी पंधराच्या आसपास. समोरच्यांनी त्याला अडवायची तयारी केलीच नाही, कारण ते अडवायला गेले की दुसरा कुणीतरी टाकायचा. माझ्या परीक्षेचा निम्मा पेपर त्याच्यापुढं आलाच नाही.

करीमपुढं दोन्ही बाजूंनी छापलेला पेपर आला. डंक बंद केला, त्यानं स्काय हुक पक्का केला. पाचवी-सहावीच्या वयापासून तो हुक शॉट गिरवत होताच. अंग आडवं वळवायचं, खांदा अडवणाऱ्याच्या छातीकडे, चेंडू पलीकडच्या हातात, हात सरळ डोक्यावर आणि सर्वांत उंच क्षणी मनगटातून सोडायचा. सात फूट दोन इंचांचा माणूस, त्यावर लांब हात, आणि मध्ये त्याचंच अख्खं शरीर. चेंडूपर्यंत पोचायचं कुठून? बंदीच्या दोन वर्षांतही त्याच्या कॉलेजचा संघ विजेता ठरला. १९६९ मध्ये तो मिलवॉकी बक्सकडे आला. संघ अवघा एक वर्षाचा होता. १९७१ मध्ये त्यांनी विजेतेपद मिळवलं. पुढं लेकर्सकडून आणखी पाच. मोसमातला सर्वोत्तम खेळाडू सहा वेळा, आजवर सर्वांत जास्त. एकूण ३८,३८७ गुण. हा विक्रम एप्रिल १९८४ पासून ७ फेब्रुवारी २०२३ पर्यंत, लेब्रॉन जेम्सनं मोडेपर्यंत टिकला. तो खेळायला लागला तेव्हा गडचिरोली चंद्रपूर जिल्ह्यात होती. १९८९ मध्ये थांबला तेव्हा गडचिरोली जिल्ह्याला सात वर्षं होत आली होती.

पण मला करीम पटतो तो १९८५ च्या दोन सामन्यांमुळे. तो तेव्हा अडतीस वर्षांचा. लेकर्स आणि सेल्टिक्स यापूर्वी अंतिम मालिकेत आठ वेळा भेटले होते आणि आठही वेळा सेल्टिक्स जिंकले होते. पहिल्या सामन्यात सेल्टिक्सनं लेकर्सचा १४८-११४ असा भुगा केला. करीमचे गुण बारा, रिबाउंड तीन. म्हातारा संपला, असं सगळ्यांनी म्हणून टाकलं. आपणही म्हटलं असतं. पुढच्या सामन्यात त्याच माणसानं ३० गुण, १७ रिबाउंड आणि ८ असिस्ट काढले. लेकर्सनं मालिका जिंकली, आणि मालिकेतला सर्वोत्तम करीम. हाच मान त्याला चौदा वर्षांपूर्वी, १९७१ मध्ये मिळाला होता. त्याला अडवायची तयारी दीड दशक चालू होती आणि तरीही ती पुरी पडली नाही.

त्याच्या उणिवा माहीत आहेत. उतारवयात रिबाउंड घटले. सोबतीला आधी ऑस्कर रॉबर्टसन आणि नंतर मॅजिक जॉन्सन नसते तर विजेतेपदं किती झाली असती, हा रास्त प्रश्न आहे. पण एकटा जिंकलेला सेंटर मला तरी कुणी दाखवावा.

भाच्याला हे सगळं ऐतिहासिक वाटणार आणि तो म्हणणार, जुने लोक आजच्या गड्यांपुढं टिकले असते का? याला एक साधा उपाय आहे : साखळी लावायची. चेंबरलेन रसेलशी दहा वर्षं लढला. करीम चेंबरलेनशी लढला, १९६९ ते १९७३. हकीम ओलाजुवान करीमशी लढला. १९८६ च्या प्लेऑफमध्ये ह्यूस्टननं लेकर्सला घरी पाठवलं तेव्हा करीम एकोणचाळीसचा होता आणि तरीही हकीमपुढं उभा होता. हकीम शॅकशी लढला. प्रत्येक कडी पुढच्या कडीत अडकलेली आहे आणि कुठल्याच ठिकाणी जुना माणूस नव्यापुढं एकदम हास्यास्पद दिसला नाही. साखळी तुटते दोन जागी : मायकन आणि रसेल यांच्यामध्ये, आणि शॅक नि योकिच यांच्यामध्ये.

हकीम लागोसचा, लहानपणी हँडबॉल आणि फुटबॉल खेळणारा. बास्केटबॉल हाती घेतला तो पंधराव्या वर्षाच्या आगेमागे. १९९३-९४ मध्ये मोसमातला सर्वोत्तम, बचावातला सर्वोत्तम आणि अंतिम मालिकेतला सर्वोत्तम असे तिन्ही मान त्याला एकाच वर्षी मिळाले. दुसऱ्या कुणालाही ते जमलेलं नाही. नोंद झालेल्या ब्लॉकमध्ये ३,८३० सह तो आजही पहिला. १९९५ च्या अंतिम मालिकेत त्याच्या संघानं शॅकच्या ओरलँडोला ४-० नं हरवलं. शॅक तेव्हा तेवीसचा होता आणि खेळला चांगलाच, हे कोचसाहेबांसाठी मुद्दाम नोंदवतो.

शॅकची २००० ते २००२ ही तीन वर्षं मात्र अशी, की त्या तीन वर्षांपुरता मी कोचसाहेबांच्या बाजूला जाऊन बसेन. तीन विजेतेपदं, तिन्ही वेळा अंतिम मालिकेत सर्वोत्तम. दीडशे किलोंच्या आसपासचा देह इतक्या वेगानं वळताना त्याआधी कुणी पाहिला नव्हता. पण फ्री थ्रो ५२.७ टक्के. शेवटच्या मिनिटांत समोरचे त्याला मुद्दाम धरायचे आणि रेषेवर पाठवायचे. हे एक कुलूप त्यानं अठरा-एकोणीस वर्षांत कधी उघडलंच नाही.

आणि योकिच. सर्बियातल्या सोम्बोरचा, २०१४ मध्ये एक्केचाळिसाव्या क्रमांकावर निवडलेला. त्याची निवड झाली तेव्हा अमेरिकन टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती. २००० मध्ये शॅकला मिळाल्यानंतर सर्वोत्तम खेळाडूचा मान पुन्हा सेंटरला मिळायला २०२१ उजाडलं, आणि तो मिळाला योकिचला. मग २०२२ आणि २०२४ मध्येही. मध्यंतरी सेंटर ही जातच संपत आली असं लोक म्हणत होते, कारण तीन गुणांच्या शॉटनं खेळ रिंगपासून लांब नेला होता. योकिचनं सेंटर रिंगपासून उचलला आणि मध्यावर नेऊन ठेवला. तिथून तो पास देतो आणि बाकीचे पळतात. २०२४-२५ मध्ये गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत त्याची सरासरी दोन आकडी होती. सेंटरमध्ये असं पूर्वी कुणी केलेलं नाही. बचाव मात्र रसेल किंवा हकीमच्या जवळपासही नाही, आणि विजेतेपद आजवर एक, २०२३ चं.

तर माझी यादी : करीम, रसेल, चेंबरलेन, हकीम, शॅक. योकिच अजून खेळतोय, त्याला यादीत घुसायला जागा आहे. शॅकनं सावध राहावं. मायकनला मी वेगळा पाट मांडलाय, कारण ज्यानं दुकान उघडलं त्याची तुलना गिऱ्हाइकांशी करू नये. काका रागावले तर त्यांना सांगा, तिसरा नंबर काही वाईट नाही.


प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे आणि सहा फुटांवर गेलाय. शाळेतले सर त्याला रिंगखाली उभं करतात आणि 'तू फक्त हात वर ठेव' म्हणतात. आमच्याकडे पोरं व्हॉलीबॉल नि कबड्डी खेळतात, बास्केटबॉल शिकवणारं जवळ कुणी नाही. त्याच्याकडून काय करून घ्यावं?
– एक आई, देसाईगंज (वडसा)

उत्तर : ताई, आधी त्याला व्हॉलीबॉल खेळू द्या. उडी, हातांचं टायमिंग आणि जाळीजवळचा ब्लॉक हे सगळं तिथं आपोआप शिकायला मिळतं. वर हकीमचं सांगितलंच. दुसरे खेळ खेळून पाय चपळ झाले, त्याचा त्याला पुढं फायदाच झाला.

सरांचा हेतू चांगला असेल, पण हात वर ठेवणं हे शिक्षण नव्हे. दहावीत सहा फूट असलेला मुलगा नागपूरच्या विभागीय स्पर्धेत गेला की त्याच्याहून उंच पोरं भेटतील, आणि पुढं वाढ थांबली तर त्याला बाहेरून खेळावं लागेल. चेंडू घेऊन पळता आलं पाहिजे, पास देता आला पाहिजे. शिक्षकाशिवाय करता येण्यासारखा एक सराव सांगतो. मायकनच्या नावानंच तो ओळखला जातो आणि करीमनं हुक शॉट त्यातूनच गिरवला. रिंगच्या बरोबर खाली उभं राहायचं. उजवीकडून उजव्या हातानं बोर्डावर चेंडू टाकायचा, पडणारा चेंडू खाली येऊ न देता हनुवटीच्या वरच पकडायचा, एक पाऊल डावीकडे आणि लगेच डाव्या हातानं टाकायचा. पुन्हा उजवीकडे. थांबायचं नाही, चेंडू छातीखाली आणायचा नाही. सुरुवातीला डावा हात बंड करेल, करू द्या. रिंग नसेल तर भिंतीवर खडूनं चौकोन काढूनही हात बसवता येतो.

दुसरं म्हणजे फ्री थ्रो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, समोर अडवायला कुणी नसतं. उंच पोरांना फाउल जास्त होतात, म्हणजे रेषेवर जायची वेळही त्यांच्यावरच जास्त येते. चेंबरलेन आणि शॅक इथंच अडकले. हकीम आणि करीम सत्तर टक्क्यांच्या वर राहिले. थकल्यावर टाकायला सांगा, ताज्या पायांनी सगळेच टाकतात.

शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात आणि जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य अशा वर जातात. शाळेनं संघाचं नाव वेळेत दिलं आहे ना, एवढं मात्र तुम्ही स्वतः विचारा. अभ्यास बुडेल का, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न; दिवसाला एक तास दिला तर बुडणार नाही.


प्रश्न : हे सगळे परदेशातले झाले. आपल्याकडे या तोडीचा कुणी सेंटर झाला का?
– एक वाचक, अहेरी

उत्तर : या तोडीचा नाही. हा खेळ आपल्याकडे वायएमसीएनं आणला. मुंबईच्या नागपाड्यात तो गल्लीगल्लीत रुजला. तिथला अब्बास मुंतसीर भारताचा कर्णधार झाला, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्याचा. पण ऑलिंपिकच्या बास्केटबॉलमध्ये भारत एकदाच उतरला, १९८० ला मॉस्कोत, आणि बारा संघांत बारावा आला.

उंचीचं म्हणाल तर पंजाबच्या बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा सतनामसिंग भामरा, सात फूट दोन इंच. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या निवडीत नाव आलेला तो पहिला भारतीय. त्या दिवशी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी फार मोठे मथळे दिले. प्रत्यक्षात एनबीएच्या मोसमात तो एकही सामना खेळला नाही, आणि नंतर अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीकडे वळला. करीमएवढ्याच उंचीचा हा माणूस. उंची मिळते, बाकीचं पंधरा-सोळा वर्षांच्या आत शिकवावं लागतं आणि शिकवायला माणसं लागतात.

भारतातला सर्वांत चांगला सेंटर विचाराल तर माझं मत एका बाईला आहे. केरळच्या कोट्टायम जिल्ह्यातली गीतू ॲना जोस, सहा फूट दोन इंच. रेल्वेत नोकरी, भारतीय महिला संघाची माजी कर्णधार, ऑस्ट्रेलियातल्या रिंगवूड क्लबकडून व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेली. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेच्या महिला लीगमधल्या शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो या तीन संघांनी तिला चाचणीसाठी बोलावलं. निवड झाली नाही, पण तिला तिथवर नेलं ते तिच्या खेळानं. सतनामच्या वेळी जेवढा गाजावाजा झाला त्याच्या पावपटही तिच्या वाट्याला आला नाही. अर्जुन पुरस्कार तिला २०१४ मध्ये मिळाला.